मिठाला पाणी, लोखंडाला तेल

जोगेश्वरीत जून सरता सरता मिठाच्या बरणीला पाणी सुटू लागतं. कुणी बरणीत तांदळाचे दाणे टाकतं, कुणी मीठ तव्यावर परतून घेतं, पण ऑगस्टपर्यंत खालचा थर ओला तो ओलाच. कारण साधं आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की खाण्याचं मीठ हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. जवळच्या सांताक्रूझ वेधशाळेत जुलैच्या सकाळी 85 टक्क्यांच्या पुढचा आकडा नवलाचा नसतो. स्वयंपाकघरातल्या या कटकटीचा बंदुकीशी थेट संबंध आहे, कारण बार उडाल्यावर नळीत जे मागे उरतं, त्यातला सर्वांत घातक भाग मीठच असतो.

बंदूक आणि पाणी हे शब्द एकत्र ऐकले की माणूस दचकतो. लोखंडाला पाणी लागलं की गंज चढतो, हे शाळेत खिळ्याच्या प्रयोगात शिकलेलं असतं. म्हणून बंदूक म्हटलं की आधी तेलाची बाटली आठवते, फार तर रॉकेल. पण मीठ तेलात विरघळत नाही, रॉकेलमध्येही नाही. ते पाण्यातच विरघळतं. मिठावर तेल चोपडलं की मीठ तेलाखाली जागच्या जागी राहतं आणि पावसाळ्यात आपलं काम सुरू करतं. वरून नळी चकचकीत दिसते, एवढंच.

जोगेश्वरीत बंदुकीचं काय काम, असं वाटेल. पण शेजारीच गोरेगाव पूर्वेला राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक 8 ची वसाहत आहे. स्टेशनाबाहेरच्या बँकेच्या दारात किंवा एटीएमच्या रोकड गाडीजवळ बारा बोअरची दुनळी खांद्याला लावून रखवालदार उभा असतो, आणि ती दुनळी पावसाचे शिंतोडे व हाताचा घाम दोन्ही झेलते. शिवाय इथल्या चाळींतून आणि आता टॉवरांतून राहणारे कितीतरी लोक मूळचे रत्नागिरी-सिंधुदुर्गचे. तिकडे गावच्या घरी रानडुकरं-वानरांपासून शेती राखण्यासाठी परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक असते, आजोबांच्या नावाची, नंतर वारसाच्या नावावर चढलेली. गणपतीला गावी गेलं की भिंतीवरून किंवा माळ्यावरून ती खाली काढायची, नळीत डोकावायचं आणि आतला तांबूस रंग पाहून हळहळायचं, हा प्रकार बऱ्याच घरांना ठाऊक असेल.

या ठासणीच्या बंदुकीपासूनच सुरुवात करू, कारण पाण्याची गरज सगळ्यांत उघडपणे तिथेच दिसते. तिच्यात काळी दारू भरतात. तिचं प्रमाण शतकानुशतकं जवळपास तेच आहे: शंभरातले 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक. जळताना ही दारू पूर्णपणे वायू होत नाही. वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग घन स्वरूपात मागे राहतो. बार काढल्यावर उडणारा तो पांढरा ढग म्हणजे याच घन कणांचा धूर, आणि उरलेलं नळीच्या आतल्या बाजूला काळं कीट म्हणून चिकटतं. त्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं, पोटॅशियम सल्फेट असतं, गंधकाची काही संयुगं असतात. पोटॅशियम कार्बोनेट तर इतकं तहानलेलं की हवेत 43 टक्के आर्द्रता असली तरी ते पाणी शोषू लागतं. मुंबईत जानेवारीच्या कोरड्या दुपारीसुद्धा आर्द्रता त्याच्या आसपास असते; कोकणात पावसाळ्यात काय होत असेल ते सांगायला नको. हे कार्बोनेट अल्कधर्मी असल्यामुळे एकट्याने लोखंडाला तितकं खात नाही, पण गंधकाच्या संयुगांना आणि केपातून, म्हणजे ठोक्याने भडकून बार पेटवणाऱ्या वाटीतून, आलेल्या मिठाला ते ओलावा पुरवतं. दुसऱ्या दिवशी नळीत पाहिलं तर काळ्या कोरड्या किटाऐवजी चिकट चिखल दिसतो.

हा चिखल पाण्याने इतका सहज निघतो की पाहणाऱ्याला आश्चर्य वाटावं. आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करायची, गज नळीत टाकून. ठासणीच्या बंदुकीत बार भरलेला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. गज जितका आत जायला हवा तितका गेला नाही तर आत काहीतरी आहे. मग जमत असेल तर नळी दस्त्यापासून वेगळी करायची, कारण लाकडात पाणी मुरलं की ते फुगतं आणि नळीला लागलेली ओल दिवसेंदिवस हटत नाही. नळीचा मागचा भाग, जिथे केप बसतो ती बाजू, कोमट पाण्याच्या बादलीत बुडवायची आणि गजाला घट्ट चिंधी गुंडाळून पुढून वर-खाली करायचं. गज वर ओढला की केपाच्या भोकातून पाणी आत खेचलं जातं, खाली दाबला की त्याच भोकातून बाहेर फेकलं जातं. पहिल्या चार-पाच दट्ट्यांत बादलीतलं पाणी शाईसारखं काळं होतं आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा, दारूतल्या गंधकाची करामत. पाणी बदलायचं, पुन्हा तेच. थोडा साबण टाकला तर हरकत नाही, पण काम साबणाचं नाही. कीट विरघळवतं ते पाणीच. पाणी स्वच्छ येऊ लागलं की वास जातो.

आता शेवटचं पाणी उकळतं हवं. थंड पाण्यात हवेतला ऑक्सिजन विरघळलेला असतो. 30 अंशाला लिटरमागे सात-साडेसात मिलिग्रॅम. पाणी उकळलं की तो जवळजवळ सगळा निघून जातो. गंजाला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, तेव्हा त्यातला एक आधीच कमी झालेला बरा. पण त्याहून मोठा फायदा वेगळा आहे. किटलीभर उकळतं पाणी नळीतून ओतलं की नळी स्वतःच इतकी तापते की फडक्याशिवाय धरवत नाही, आणि आत राहिलेला ओलावा आपोआप वाफ होऊन निघून जातो. कोपऱ्याकापऱ्यात, केपाच्या भोकात, जिथे चिंधी पोचत नाही तिथलंही पाणी वाळतं. नळी गरम आहे तोवर कोरड्या चिंध्या फिरवायच्या, शेवटची पांढरी निघेपर्यंत, आणि मग तेल. हा क्रम उलटा केला की सगळं फुकट.

आपल्याकडे ही समज नवी नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आज्ञापत्रात गडकोटांच्या व्यवस्थेचं जे प्रकरण आहे, त्यात पावसाळ्यातल्या तोफांची वेगळी सूचना सापडते. तोफांना आणि दरवाज्यांना तेल आणि मेण द्यावं, तोफेचा काना म्हणजे बत्ती देण्याचं भोक मेणाने बुजवावं आणि वर तोफ झाकेल असे आघाळे घालावेत, म्हणजे तोफ खराब होणार नाही. दारूच्या बाबतीत तर दर आठ-पंधरा दिवसांनी दारू, बाण वगैरे बाहेर काढून ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोर करून ठेवावं, असं सांगितलं आहे. राज्यकारभाराच्या ग्रंथात इतक्या बारीक देखभालीला जागा मिळावी यावरून सह्याद्रीतल्या पावसाने किती तोफांचं नुकसान केलं असेल याचा अंदाज येतो. मला त्यात सर्वांत मोलाची वाटते ती मेणाची गोष्ट. तेल ओघळतं, उन्हात पातळ होतं, महिन्याभरात वाळतं; मेण थांबतं. आजही संग्रहालयात लोखंडी तोफेवर शेवटचा थर मेणाचाच देतात.

तोफेत पाणी आणखी एका कामासाठी लागे. गोळा सुटल्यावर ओल्या बोळ्याचा दांडा आत फिरवत. आत जळती ठिणगी राहिली असेल तर पुढची दारू भरतानाच पेट घेई आणि भरणाऱ्याचा हात जाई, म्हणून ठिणगी विझवायची आणि कीट ओलं करून काढायचं, अशी दोन्ही कामं एकाच फिरवण्यात होत.

काळ्या दारूच्या काळात सैनिक बंदूक पाण्याने धुवत, कारण पर्यायच नव्हता. दहा-वीस बार झाले की किटाने नळी इतकी चोंदे की पुढची गोळी आत ढकलवत नसे. गंमत त्यानंतर झाली. ब्रिटिशांनी 1888 साली .303 बोअरची रायफल घेतली. सुरुवातीच्या काडतुसांत काळी दारूच होती. काही वर्षांतच तिच्या जागी कॉर्डाइट आलं, म्हणजे धूर जवळजवळ नसलेली दारू. कीट नाही, वास नाही, नळीत पाहिलं तर आरसा. साहजिकच शिपायांना वाटलं, आता धुण्याची काय गरज? तेलाची चिंधी फिरवली की झालं. आणि नेमक्या याच स्वच्छ दिसणाऱ्या नळ्या भराभर गंजू लागल्या. काळ्या दारूच्या वेळेपेक्षा जास्त.

त्यावर बरीच वर्षं तऱ्हेतऱ्हेचे तर्क चालले. कुणी म्हणे नव्या दारूत आम्ल आहे, ते पोलादाला खातं. कुणी म्हणे बार उडताना वायू पोलादाच्या सूक्ष्म छिद्रांत घुसतात आणि नंतर दिवसेंदिवस घामासारखे बाहेर येतात. हा घामाचा तर्क फौजांत इतका रुजला की बार केल्यावर रायफल एकदा साफ करून भागत नाही, सलग काही दिवस रोज साफ करावी लागते, असा नियमच पडला. नियम उपयोगी होता, त्यामागचं कारण मात्र चुकीचं होतं. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्समधल्या विल्बर्ट हफ यांनी 1922 मध्ये तेलाच्या थराखाली होणाऱ्या गंजावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि गुन्हेगार दाखवून दिला. दोष दारूचा नव्हताच. दोष होता काडतुसाच्या बुडाशी बसवलेल्या केपाचा.

केप म्हणजे ठोका बसला की भडकणारी छोटीशी वाटी. तिच्यातल्या मसाल्यात तेव्हा पोटॅशियम क्लोरेट असे. भडकल्यावर क्लोरेटमधला ऑक्सिजन निघून जातो आणि उरतं पोटॅशियम क्लोराइड, आपल्या मिठाचंच सख्खं भावंड. क्लोरेटच्या वजनातला 60 टक्क्यांहून अधिक भाग असा मीठ होऊन उरतो आणि गोळीच्या मागून नळीभर फवारला जातो. काळ्या दारूच्या काळातही हे मीठ तयार होतच होतं, पण ते ढीगभर किटात मिसळून जाई आणि पाण्याने धुताना किटाबरोबर वाहून जाई. कॉर्डाइटने कीट बंद केलं, शिपायाने पाणी बंद केलं, आणि मीठ एकटं मागे राहिलं, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक थरात.

पोटॅशियम क्लोराइडला पाणी सुटतं ते साधारण 84 टक्के आर्द्रतेला. हा आकडा मुंबईकराने जरूर लक्षात ठेवावा. राजस्थानच्या वाळवंटात तीच रायफल, तेच काडतूस, धुतलं नाही तरी महिनाभर गंज दिसणार नाही. जोगेश्वरीच्या जुलैत रात्रभरात नळीत खारं पाणी तयार होईल आणि सकाळी पांढऱ्या चिंधीवर तांबूस रेघ येईल. सलग काही दिवस साफ करण्याच्या नियमाचं खरं कारण हेच. पोलाद घाम गाळत नाही. मागे राहिलेलं मीठ हवेतलं बाष्प ओढत राहतं. पहिल्याच दिवशी गरम पाण्याने धुतलं तर पुढच्या दिवसांचं काम फक्त पाहणीपुरतं उरतं.

ब्रिटिश फौजेत त्यासाठी नाळकं वापरत. रायफलीच्या मागच्या बाजूला खोलीत बसेल असं वाकडं टोक असलेलं नाळकं लावायचं, उकळतं पाणी ओतायचं, ते पुढच्या तोंडातून बाहेर. मग पुल थ्रू, म्हणजे एका टोकाला पितळी वजन आणि दुसऱ्या टोकाला चिंदीसाठी फासा असलेली दोरी, नळीतून ओढायची. चिंदीचं मापही ठरलेलं: कोरडी चार इंच बाय दोन इंच, तेलाची थोडी अरुंद, दीड इंचाची. तेलाची चिंदी जाड झाली तर तेल पुसलं जातं, लागत नाही. पोलीस आणि राखीव दलांच्या शस्त्र प्रशिक्षणात ही मापं आजही पाठ करून घेतात.

हे आपल्याला जवळचं असण्याचं आणखी एक कारण आहे. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा. तिथे बनलेल्या .303 च्या काडतुसांच्या बुडावर के एफ अशी अक्षरं असत, जुन्या स्पेलिंगप्रमाणे किरकी फॅक्टरीची. ही काडतुसं जगभर पोचली आणि परदेशातल्या जुन्या रायफलींच्या शौकिनांत त्यांची ओळख एकाच कारणाने आहे: केप क्लोरेटचा, तेव्हा बार केल्या दिवशीच पाण्याने धुवा. आपल्या पोलिसांच्या हातात .303 किती दशकं राहिली हे 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर साऱ्या देशाने पाहिलं. त्या रायफलींवर टीका खूप झाली, रास्तही होती. पण इतकी जुनी शस्त्रं तोवर कार्यरत होती याचं श्रेय कुठल्यातरी कोठारातल्या हवालदाराच्या चिंदी-तेलालाही द्यायला हवं.

क्लोरेटला पर्याय 1920 च्या दशकात जर्मनीत निघाला, शिसाच्या स्टिफनेटवर चालणारा केप. त्यातून मीठ तयार होत नाही. आज क्रीडा नेमबाजीतली आणि बारा बोअरची बहुतेक सगळी काडतुसं अशीच असतात. वरळीच्या समुद्रालगत महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, जिथे अंजली भागवत घडल्या. तिथे चालणाऱ्या पॉइंट टू टू बोअरच्या रायफलीत पाणी ओतण्याचं काहीच कारण नाही, आणि एअर रायफलीत तर दारूच नसते. तेव्हा या लेखाचा अर्थ उद्या उठून प्रत्येक बंदुकीला आंघोळ घाला असा घेऊ नये. काळी दारू, क्लोरेटचा केप, किंवा खाऱ्या पाण्याचा संपर्क, यांतलं काही असेल तरच पाणी. एके-47 जातीच्या रायफलीची नळी आतून क्रोमियमने मढवलेली असते, म्हणून जुनी क्लोरेटची काडतुसं ती बराच काळ सोसते. पण तिचा वायूचा दट्ट्या आणि नळकांडी यांतही तेच मीठ शिरतं. नळी धुऊन ते विसरलं तर गंज तिथे चढतो.

गंज मिठाने इतका का वाढतो? लोखंड गंजतं ते विजेच्या छोट्या घटासारखं. पृष्ठभागावर एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात, शेजारच्या जागी ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो, आणि दोहोंमध्ये पाण्याचा पातळ थर पूल म्हणून लागतो. शुद्ध पाणी वीज नीट वाहत नाही, खारं पाणी उत्तम वाहतं. त्यात क्लोराइडचा आणखी एक अवगुण. लोखंडावर ऑक्साइडचा जो पातळ पापुद्रा बनतो आणि पुढची झीज थोडी रोखतो, तो क्लोराइड जागोजागी भेदतं आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतं. गंज स्वतः सच्छिद्र असतो, मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि स्पंजासारखा ओल धरून ठेवतो. म्हणून एकदा खड्डा पडला की तो वरून पुसून थांबत नाही. घामातही हेच मीठ. कारखान्यांत मोजमापाची उपकरणं हाताळणारे लोक सांगतात की काही जणांच्या बोटांचे ठसे पोलादावर दुसऱ्या दिवशी गंजाने उमटलेले दिसतात. रखवालदाराच्या दुनळीवर पकड जिथे असते तिथेच ती आधी लाल होते.

या बाबतीत जोगेश्वरीच्या गाळ्यांत काम करणाऱ्या टर्नरकडून शिकण्यासारखं आहे. लेथवर दिवसभर दुधासारखं पांढरं कूलंट वाहत असतं. त्यात विसात एक भाग विरघळणारं तेल, बाकी सगळं पाणी. पाणी तापलेलं हत्यार थंड करतं, आणि तरीही ना काम गंजतं ना लेथ. कारण त्या तेलात गंजरोधक मिसळलेलं असतं आणि मिश्रण किंचित अल्कधर्मी ठेवलेलं असतं. पाण्याला घाबरून नव्हे, पाण्यात काय मिसळायचं हे जाणून तो धंदा चालतो. फौजांनीही नळी धुण्यासाठी याच जातीचं पाण्यात मिसळणारं तेल वापरलं आहे.

तिथल्याच आसपास ब्लॅकोडायझिंगचं कामही होतं. नट, बोल्ट, हत्यारांचे सुटे भाग यांना येणारा तो काळा रंग म्हणजे रंग नव्हे, लोखंडाचाच ऑक्साइड, मॅग्नेटाइट. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट यांच्या साधारण 140 अंशांवर उकळणाऱ्या द्रावणात पोलाद बुडवलं की हा थर चढतो; बंदुकीच्या नळीचा निळसर काळा रंग बहुधा असाच आलेला असतो. त्याआधीची रीत फार मजेशीर होती. कारागीर नळी चकचकीत करून तिच्यावर मुद्दाम गंज चढवत, ओलसर खोलीत टांगून. तांबडा गंज एकसारखा आला की नळी साध्या पाण्यात उकळत. उकळत्या पाण्यात तांबडा गंज बदलून काळा मॅग्नेटाइट होतो. सुटा भाग तारेच्या ब्रशने हलकेच झाडायचा आणि पुन्हा गंज, पुन्हा उकळणं, पाच-सहा वेळा. शेवटी जो मखमली काळा थर बसतो तो गंजापासून राखण करतो, कारण त्याच्या बारीक छिद्रांत तेल टिकतं. तेल नसेल तर मात्र ब्लॅकोडायझिंग कोरड्या कपड्यासारखंच. एका पावसात डाग पडतात. काळा रंग आहे म्हणजे गंज चढणार नाही, हा समज दुकानात ऐकू येतो तितका खरा नाही.

कुठलं तेल, हा पुढचा प्रश्न. कोकणात हाताशी असतं खोबरेल. तात्पुरतं चालेल, पण ते हवेत खवट होतं, त्यात आम्लं तयार होतात, पितळेवर हिरवट डाग आणतं आणि थंडीत गोठतं. शिवणमशीनचं पातळ खनिज तेल त्याहून कितीतरी बरं. दुकानात मिळणारा डब्ल्यूडी-40 चा फवारा 1953 साली अमेरिकेत तयार झाला तोच मुळी पाणी हटवण्यासाठी, क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरचं. धुतल्यानंतर कोपऱ्यांत राहिलेलं पाणी बाहेर काढायला तो उत्तम, पण त्याचा थर इतका पातळ की चार महिन्यांच्या पावसाळ्यासाठी वर जाड तेल किंवा ग्रीस हवंच. रॉकेल चिकटलेलं जुनं तेल काढतं आणि उडून जातं; मागे लोखंड उघडं. ठेवणीतल्या बंदुकीच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबून ठेवायची एक सवय आहे. धूळ जात नाही हे खरं, पण बोळा ओल धरतो आणि नेमकं तोंडाशी गंजाचं गोल कडं उमटतं. चामड्याच्या म्यानात किंवा गवसणीत वर्षानुवर्षं ठेवणंही तसंच, कमावलेल्या चामड्यात मीठ आणि ओल दोन्ही असू शकतात. ठेवायच्या जागी ओल कमी हवी. कपाटातली सिलिका जेलची पुडी दर पंधरा दिवसांनी तापवून कोरडी करावी लागते, नाहीतर ती शोभेपुरतीच. निवडणूक आली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. जमा करण्याआधी नळीला जाड तेलाचा हात दिला तर परत मिळेपर्यंत चिंता नाही. तिथे कुणी आपली बंदूक पुसत बसणार नाही, आणि तशी अपेक्षाही चुकीची.

खंडेनवमीला शस्त्रं काढून, पुसून, पूजा करण्याची पद्धत पावसाळा सरल्या सरल्या येते. चार महिन्यांच्या दमट हवेनंतर पोलीस ठाण्यापासून शेतकऱ्याच्या कोयत्यापर्यंत सगळं लोखंड एकदा उजेडात येतं. यामागे देखभालीचा हेतू होता की नाही हे कोण सांगणार, पण वेळ अचूक आहे. पूजेनंतर मात्र ओली हळद-कुंकवाची बोटं तशीच पोलादावर ठेवून शस्त्र पुन्हा कपाटात जाऊ नये. दुसऱ्या दिवशी ते टिळे पुसून तेलाचा हात फिरवायला देवाची हरकत असणार नाही.

आता सर्वांत मोठ्या बंदुकांकडे, म्हणजे किल्ल्यांवरच्या तोफांकडे. मुरुड-जंजिऱ्याची कलाल बांगडी समुद्राच्या वाऱ्यात शतकं काढूनही उभी आहे, कारण ती पंचधातूची म्हणतात. तांब्याच्या मिश्रधातूला लोखंडाचा तांबडा गंज चढत नाही. हिरवट पापुद्रा धरतो आणि तिथेच थांबतो. बिडाच्या तोफांचं नशीब वेगळं. समुद्रालगत किंवा मातीत खारी ओल पिऊन पडलेल्या बिडात क्लोराइड खोलवर मुरलेलं असतं. अशी तोफ उचलून उन्हात ठेवली की ती सुधारत नाही, उलट बिघडते. आतलं मीठ हवेतला ऑक्सिजन मिळाल्यावर जोमाने काम करतं, वरचे पापुद्रे सुटून पडू लागतात, तडे जातात. हल्ली गडप्रेमी संस्था तोफांना सागवानी गाडे करून देतात. तोफ जमिनीवरून उचलली जाते, खालून वारा लागतो, हे फार चांगलं. पण काही ठिकाणी उत्साहाच्या भरात गंजावरच काळा तैलरंग फासलेला दिसतो. एक पावसाळा तोफ देखणी दिसते. नंतर रंगाखाली फोड येतात आणि रंग ढलप्यांनी गळतो, सोबत तोफेचा पापुद्रा घेऊन.

संग्रहालयातले जाणकार काय करतात? तोफ पाण्यात बुडवतात. फक्त ते पाणी कॉस्टिक सोडा घालून अल्कधर्मी केलेलं असतं, म्हणजे भिजत असताना नवा गंज चढत नाही आणि आतलं क्लोराइड हळूहळू बाहेर झिरपतं. कधी सौम्य विजेचा प्रवाह सोडून ते लवकर ओढून काढतात. मोठ्या तोफेला यात महिने लागतात, कधी वर्षंही. पाणी पुन्हा पुन्हा बदलायचं. मग धुऊन, पूर्ण वाळवून टॅनिक आम्लाचा हात देतात. आपल्या सह्याद्रीतल्या हिरड्यात भरपूर असतं तेच टॅनिन. ते लोखंडाशी मिळून निळसर काळा थर धरतं. आणि सगळ्यांत वर, आज्ञापत्रात सांगितलं होतं तेच, मेण.

मीठ संपलं हे ओळखायचं कसं, याचं उत्तर जोगेश्वरीतल्या कुठल्याही ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत बारावीची मुलं दर वर्षी लिहितात. टाकीतलं थोडं पाणी परीक्षानळीत घ्यायचं, कॉस्टिक मारण्यासाठी त्यात विरळ नायट्रिक आम्ल घालायचं आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. पांढरा गढूळपणा आला तर क्लोराइड अजून निघतंय, तोफ पाण्यातच राहू द्यायची. पाणी बदलून, थांबून, पुन्हा तपासलं आणि नळी नितळ राहिली, की मगच वाळवणं आणि मेण.